रक्तात तांबे कमी आणि यकृतात ढीगभर, हे कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोळा वर्षांच्या भाच्याला विल्सन्स डिसीज निघाला. डॉक्टर म्हणाले, शरीरात तांबे साठलेय. रिपोर्टमध्ये मात्र रक्तातले तांबे नेहमीपेक्षा कमी! औषध दिले तेही जस्ताचे. घरात आजी रोज सकाळी तांब्याच्या भांड्यातले पाणी पितात, ते बंद करायचे का? शिवाय धातूंचे आयन पेशींना संदेश देतात असे वाचनात आले. कॅल्शियम हाडांना आणि लोह रक्ताला लागते एवढेच आपल्याला ठाऊक, मग हे संदेशाचे काय प्रकरण आहे?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो कळला की रिपोर्टचे कोडे सुटेल.

पोटाच्या आणि यकृताच्या आजारांत माझी जवळपास चाळीस वर्षे गेली. रिपोर्ट घेऊन येणारा प्रत्येक जण विचारतो, "किती आहे?" साखरेच्या, हिमोग्लोबिनच्या बाबतीत ते ठीक. धातूंच्या बाबतीत आधी विचारायला हवे, "कुठे आहे?"

कॅल्शियमचेच बघा. रक्तात मोकळे, म्हणजे प्रथिनांना न चिकटलेले कॅल्शियम लिटरला साधारण १.२ मिलिमोल असते. पेशीच्या आत, ती निवांत असताना, ते १०० नॅनोमोलच्या आसपास असते. मधे तेलकट पदार्थाचा एक पातळ पडदा, आणि त्याच्या बाहेर आतल्यापेक्षा दहा हजार पट कॅल्शियम. हा फरक फुकट टिकत नाही. आत झिरपलेले कॅल्शियम पुन्हा बाहेर काढायला किंवा पेशीतल्याच पिशव्यांमध्ये कोंबायला पंप रात्रंदिवस ऊर्जा जाळत असतात. एवढा खटाटोप कशाला? पेशीचा सगळा ऊर्जेचा व्यवहार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शियम व फॉस्फेट एकत्र आले की साका बसतो. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो ना, तसाच. (तिथे कार्बोनेट असते, पण जात तीच.) हाडात हा थर हवाच, पेशीत धरला तर पेशी संपली.

आता आत इतकी सामसूम असली की एक गोष्ट आपोआप साधते. गणपतीच्या मिरवणुकीत दारावरची थाप ऐकू येत नाही, पण मध्यरात्री साधी कडी वाजली तरी घर जागे होते. पेशीच्या पडद्यातले एखादे दार क्षणभर उघडले, थोडे कॅल्शियम आत आले, की तेवढ्यावरच स्नायू आकुंचन पावतो, ग्रंथी आपला स्राव सोडते, मज्जातंतू पुढच्याला निरोप देतो. कॅल्शियम इथे वीट-सिमेंट नाही. ती कडी आहे.

हे पहिल्यांदा लक्षात आले तेही चुकून. १८८३च्या सुमारास लंडनचे सिडनी रिंगर बेडकाचे काढलेले हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवत होते. मग कळले की मदतनिसाने द्रावण शुद्ध पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात केले होते. शुद्ध पाण्यात केल्यावर हृदय मंदावत थांबले. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. सलाइनच्या बाटलीवर 'आरएल' लिहिलेले असते, त्यातला 'आर' म्हणजे हेच रिंगर. स्नायूत कॅल्शियमचा निरोप घेणारे ट्रोपोनिन पुढे १९६०च्या दशकात जपानच्या सेत्सुरो एबाशी यांच्या प्रयोगशाळेत सापडले. छातीत दुखून आलेल्या माणसाच्या रक्तात आज आम्ही जे ट्रोपोनिन शोधतो ते त्याच जुडग्यातले.

मला स्वतःला यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो ठेक्याचा. १९८६मध्ये यकृताच्या एकेकट्या पेशीवर काम करणाऱ्यांना दिसले की हार्मोनचा डोस वाढवला की कॅल्शियमची लाट उंच होत नाही, लाटा फक्त लवकर लवकर येऊ लागतात. तबल्यावर हात तोच, शाईही तीच, पण लय बदलली की गायकाला वेगळी खूण मिळते, तसे. अधूनमधून येणाऱ्या लाटांनी एक काम होते, सलग टिकलेल्या कॅल्शियमने दुसरे. रक्तातल्या टी-पेशींना हल्ल्यासाठी उठवायला दुसऱ्या प्रकारचा निरोप लागतो आणि तो कॅल्सिन्यूरिन नावाचे एन्झाइम वाचते. यकृत बदललेल्या रुग्णांना आम्ही टॅक्रोलिमस देतो ते याच कॅल्सिन्यूरिनचे तोंड बंद करण्यासाठी, म्हणजे टी-पेशी नव्या यकृतावर तुटून पडत नाहीत. रुग्ण त्याला 'प्रतिकारशक्ती कमी करायची गोळी' म्हणतात. खरे तर ती कॅल्शियमचा एक निरोप अडवायची गोळी आहे.

कॅल्शियमवरून मॅग्नेशियमचा एक प्रसंग आठवतो. साठीच्या एक बाई हातापायाला मुंग्या आणि बोटे आकसतात म्हणून आल्या. रक्तदाबाचा पट्टा फुगवून तीन मिनिटे ठेवला तर हात पक्ष्याच्या चोचीसारखा वळायचा. कॅल्शियम कमी होते. शिरेतून दिले, बरे वाटले, दोन दिवसांत पुन्हा तेच. असे तीनदा झाले. मीही पहिल्या दिवशी मॅग्नेशियम मागवले नव्हते, ही माझी चूक. मागवले तेव्हा ते तळाला गेलेले निघाले. बाई सहा-सात वर्षे रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी घेत होत्या. कुणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली, मग मेडिकलवाल्याकडून आपली चालूच. या गटातल्या गोळ्यांनी काही जणांच्या आतड्यातून मॅग्नेशियम शोषले जात नाही. अमेरिकेच्या औषध नियामकांनी तशी सूचना २०११मध्ये काढली होती. मॅग्नेशियम फार खाली गेले की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी आपले हार्मोन सोडेनाशा होतात, आणि जे थोडे सुटते त्यालाही हाड दाद देत नाही. मग वरून कितीही कॅल्शियम ओता. मॅग्नेशियम भरले, गोळी बदलली, मुंग्या गेल्या. या ग्रंथींच्या पेशींवर कॅल्शियम जोखणारा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारे प्रथिन) असतो, त्याचे जनुक १९९३मध्ये हाती आले. हार्मोन नाही, प्रथिन नाही, नुसता एक आयन त्याला येऊन चिकटतो आणि पेशी त्याचे ऐकते. तोवर असे कुणी फारसे धरून चालले नव्हते.

आता तांबे.

तांब्याशिवाय आपण जगूच शकत नाही. श्वासातला ऑक्सिजन पेशीत जिथे शेवटी वापरला जातो, त्या एन्झाइमच्या गाभ्यात तांबे आहे. पण त्याची एक खोड आहे: तांब्याचा आयन इलेक्ट्रॉन घेत-देत सारखा दोन रूपांत फिरतो. प्रथिनाच्या कुशीत असताना हाच त्याचा गुण. मोकाट सुटला तर तो ऑक्सिजनपासून असे काही तयार करतो की आसपासचे मेद, प्रथिने, डीएनए जळू लागते. म्हणून पेशी त्याला मोकाट सोडतच नाही. १९९९मध्ये यीस्टवरच्या कामातून हिशेब निघाला, की एका पेशीत मोकळा तांब्याचा आयन सरासरी एकसुद्धा नसतो! दारातून आत आल्यापासून एक प्रथिन त्याला हाताला धरून दुसऱ्याकडे नेते आणि पोचवून परत येते.

यकृतात ही पोचवाट एटीपी-७-बी नावाच्या पंपापाशी संपते. त्याची कामे दोन. एरवी तो तांबे सेरुलोप्लाझ्मिन नावाच्या प्रथिनात भरतो आणि ते प्रथिन रक्तात जाते. पेशीत तांबे वाढले की हाच पंप जागा सोडून पित्तनलिकेच्या बाजूला सरकतो आणि जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकतो. म्हणजे 'आता पुरे' हा निरोप तांबेच देते आणि तो ऐकून पंप उठून जागा बदलतो.

विल्सन्स डिसीजमध्ये या पंपाचे जनुक दोन्ही बाजूंनी, आईकडून आणि वडिलांकडून, बिघडलेले येते. (आजाराचे वर्णन किनिअर विल्सन यांनी १९१२मध्ये लंडनला केले, जनुक सापडायला १९९३ उजाडले.) दोन्ही कामे ठप्प. पित्तातून तांबे जात नाही, म्हणून यकृतात साठते. तिथून उतू गेले की मेंदूत आणि डोळ्याच्या कॉर्नियाच्या कडेला बसते. तिथे दिसणारे तपकिरी-सोनेरी कडे पाहायलाच भाच्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले असेल. आणि सेरुलोप्लाझ्मिनमध्ये तांबे भरले जात नाही, तेव्हा ते रिकामे प्रथिन रक्तात टिकत नाही. रक्तातले बहुतांश तांबे याच प्रथिनात असते, त्यामुळे एकूण आकडा खाली येतो. तुमच्या रिपोर्टचे कोडे ते हेच. रक्तात जे थोडे उरते त्यातले सैल, धड कशात न बांधलेले तांबे मात्र वाढलेले असते आणि ते लघवीत उतरते. म्हणून आम्ही चोवीस तासांची लघवी डब्यात साठवायला लावतो. लोक कंटाळतात, एखादी वेळ डबा चुकवतात, आणि मग आकडा खोटा येतो. तेवढी चाचणी मन लावून करा.

याच पंपाचा भाऊबंद, एटीपी-७-ए, आतड्यात असतो. तो बिघडला तर तांबे आतड्याच्या पेशीतच अडकते आणि बाकीचे शरीर उपाशी राहते. त्याला मेंकेज डिसीज म्हणतात. ती बाळे राठ, पिळवटलेल्या केसांची असतात आणि फार जगत नाहीत. तांबे दोन्हीकडे तेच, कुठल्या दारात अडले एवढाच फरक.

जस्ताच्या औषधाबद्दल. पुष्कळ पालकांना वाटते की जस्त जाऊन तांब्याला ढकलते. तसे नाही. आतड्याच्या पेशीत जस्त वाढले की एमटीएफ-१ नावाचे प्रथिन ते ओळखते, केंद्रकात जाते आणि मेटॅलोथायोनिनचे जनुक चालू करते. हे छोटे प्रथिन धातू धरून ठेवते, आणि त्याची तांब्यावरची पकड जस्तापेक्षा घट्ट. अन्नातून आलेले तांबे त्यात अडकते. आतड्याच्या अस्तराच्या पेशी काही दिवसांतच झडतात आणि तांबे त्यांच्याबरोबर शौचावाटे निघून जाते. म्हणजे भाच्याला दिलेले जस्त पोषण म्हणून दिलेलेच नाही, निरोप म्हणून दिले आहे. निरोप दिवसभर जागता राहावा म्हणून ते दिवसातून दोन-तीनदा आणि जेवणापासून तासभर तरी लांब घ्यायचे असते. पोळी-डाळीतले फायटेट जस्त धरून बसते. साठलेले तांबे काढायला पेनिसिलामिन किंवा ट्रायएंटिन लागते. पेनिसिलामिन जॉन वॉल्श यांनी १९५६मध्ये आणले, तोवर या आजाराला बीएएल नावाच्या औषधाच्या दुखऱ्या इंजेक्शनांपलीकडे फारसा इलाज नव्हता. तुमच्या डॉक्टरांनी नुसते जस्त दिले असेल तर आजार लवकर पकडला असेल किंवा त्यांचा दुसरा काही विचार असेल. तो त्यांनाच विचारा. पेनिसिलामिन सुरू झाल्यावर काही जणांची, मेंदूत बसलेल्या तांब्यामुळे होणारी, थरथर आधी वाढते, हेही माहीत असावे, नाहीतर घाबरून औषध बंद होते.

याच यंत्रणेची उलटी बाजू मला करोनानंतर दिसली. 'इम्युनिटी'साठी म्हणून घेतलेली जस्ताची जोरदार गोळी कुणी दीड-दोन वर्षे चालूच ठेवतो आणि मग रक्त कमी, पांढऱ्या पेशी कमी, चालताना तोल जातो अशा तक्रारी घेऊन येतो. मेटॅलोथायोनिनने त्याचे तांबे शौचावाटे घालवलेले असते. भाच्याला जे औषध, तेच त्याला विष. बाकी जस्त ही फार मोठी गोष्ट आहे, तिच्यावर वेगळे लिहावे लागेल. माणसात जस्ताची कमतरता असते हेच जगाला १९६१मध्ये कळले, इराणमधल्या खुज्या राहिलेल्या तरुणांवरून, आणि ते ओळखणारे डॉक्टर होते मूळचे बिहारचे आनंद प्रसाद. जुलाब झालेल्या मुलाला ओआरएसबरोबर १०-१४ दिवस जस्त द्यायचे ते आजही पाळले जात नाही, याची मला चीड येते.

आता आजींचा तांब्या. इथे मला पुण्यातले जुने दिवस सांगावेच लागतील.

मी शिकाऊ डॉक्टर होते तेव्हा वॉर्डात वर्ष-दीड वर्षाची मुले यायची. पोट फुगलेले, चिडचिडी, काविळीची झाक. पोटावर हात ठेवला की यकृताची कड बोटांना सुरीच्या पात्यासारखी लागायची. एकाच घरात दोन-तीन मुले अशी गेलेली असायची. या आजाराला इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस म्हणत. पुण्याच्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर १९८३मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडले, की या बाळांना आईच्या दुधाऐवजी लवकरच वरचे दूध सुरू होते आणि ते पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले व ठेवलेले असते. दुधातले केसिन तांबे चांगलेच धरून ठेवते. आणि बाळाच्या यकृताला पित्तातून तांबे काढायची सवय अजून लागलेली नसते. यकृताच्या तुकड्यात सुक्या वजनाच्या ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असायला हवे ते तांबे या मुलांत हजाराच्या वर जायचे. लवकर पेनिसिलामिन दिले तर काही मुले वाचू लागली. पण खरे काम झाले भांडी बदलल्याने. ऑस्ट्रियातल्या टिरोलमध्येही १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळे अशीच दगावल्याची नोंद १९९६मध्ये छापून आली. तिथेही दूध बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात उकळत. पुणे कुठे, टिरोल कुठे! तांब्याची भांडी असलेल्या प्रत्येक घरातले बाळ आजारी पडत नव्हते, त्यामुळे जनुकांचाही काही वाटा असणार असे मानतात.

आपल्या आज्यांना हे रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होते. ताक, आमटी, कोकमाचे सार बिनकल्हईच्या पितळेत ठेवले की 'कळकते', म्हणून कल्हईवाल्याची हाक आली की भांडी बाहेर निघत. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर, बस. घोटाळा दुधाने केला. ते आंबट नसते, त्यामुळे चव बिघडत नाही, हिरवे काही दिसत नाही, आणि कल्हई उडाली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

तेव्हा निरोगी मोठ्या माणसाने रात्रभर तांब्यात ठेवलेले साधे पाणी प्यायला माझी हरकत नाही. त्यात उतरणारे तांबे सहसा जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला २ मिलिग्रॅम या मर्यादेच्या बरेच आत राहते. त्याने चमत्कारही होत नाहीत. लिंबू पिळायचे नाही, ताक ठेवायचे नाही. तान्ह्या बाळाला त्यातले काही नाही.

तुम्ही वाचले ते संदेशाचे लिखाण बहुधा कर्करोगाबद्दलचे असेल, कारण सध्या गाजावाजा त्याचाच आहे. काही गाठींत पेशीला वाढायला सांगणाऱ्या साखळीतल्या एमईके या प्रथिनाला तांबे लागते, हे २०१४मध्ये दिसले. २०२२मध्ये 'कप्रोप्टोसिस' हे नाव आले: तांबे वाढले की मायटोकॉन्ड्रियातली काही प्रथिने गोळा होऊन पेशी मरते. त्याआधी २०१२मध्ये लोहामुळे पेशी मरण्याचा 'फेरोप्टोसिस' आला होता. विज्ञान म्हणून हे मला फार आवडते. पण हे काम बहुतेक प्रयोगशाळेच्या ताटलीतल्या पेशींवरचे आणि उंदरांवरचे आहे, आणि यूट्यूबवरून तांबे काढायच्या किंवा घालायच्या गोळ्या विकणाऱ्यांना त्यात काहीही आधार नाही.

आणि भस्माबद्दल तुम्ही विचारले नाहीत, तरी सांगते, कारण आजारी मुलाच्या घरी कुणीतरी ते आणतेच. काही भस्मांत आणि पुड्यांत शिसे असते, आणि शिसे हा शुद्ध तोतया आहे. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला आणि भल्याभल्यांनी त्याला मुजरे केले, तसे पेशीतली प्रथिने शिशाला कधी कॅल्शियम समजतात, कधी जस्त. रक्ताचा हीम बनवणाऱ्या एका एन्झाइमात ते जस्ताची जागा बळकावते आणि कारखाना बंद पडतो. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ आणि न सुटणारे कोडे म्हणून आलेल्या अ‍ॅनिमियाच्या रुग्णांत मला ते मधुमेहाच्या बिनलेबलच्या पुड्यांत सापडले आहे. ज्याचे यकृत आधीच एका धातूने गांजले आहे, त्याला दुसऱ्याची चव नको.

आता करायचे काय ते. भाच्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी या महिन्यातच करा, त्यांना काही होत नसले तरी. प्रत्येकाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. तुमच्या बहिणीत आणि मेहुण्यांत सदोष प्रत एकेकच आहे, त्यांना काही होणार नाही. पहिले वर्षभर कलेजी, तिसऱ्या, कालवे, खेकडे, काजू-बदाम, चॉकलेट, मशरूम टाळा. पुढे डॉक्टर सूट देतील. गोळी मात्र जन्मभर. वर्ष-दोन वर्षांत मूल ठणठणीत होते, बारावीच्या गडबडीत गोळ्या चुकतात, हॉस्टेलवर गेल्यावर बंदच होतात, आणि मग यकृत एकदम कोसळते. मी बघितलेले वाईट शेवट बहुतेक असेच झाले, निदान चुकल्यामुळे नाही. आजींचा तांब्या आजींकडेच राहू द्या. भाच्याचा पेला स्टीलचा, आणि पिण्याचे पाणी माठातले किंवा फिल्टरचे. फिल्टर घेताना एवढेच बघा की त्यात 'कॉपर'वाली कांडी बसवलेली नाही ना. हल्ली ती कौतुकाने बसवून देतात.